इंजिन काढलेली ई-टाइप : एका रूपांतराची समीक्षा

आज आपण एका मोटारीची समीक्षा करणार आहोत. आपल्याला सवय ग्रंथाची, नाटकाची, फार तर चित्राची. त्यामुळे ‘मोटार ही काय समीक्षेची वस्तू आहे का?’ असं काहींच्या मनात येईल. त्यांना एवढंच सांगू, की न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं १९९६ साली जग्वार ई-टाइप ही उघड्या टपाची दोन आसनी गाडी आपल्या कायमच्या संग्रहात घेतली. तेव्हा तो वाद मिटला असं धरून पुढे जाऊ.

आपली आजची गाडी त्याच घराण्यातली आहे, पण ती संग्रहालयातली नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये जग्वार कंपनीनं लंडनमध्ये ‘ई-टाइप झीरो’ नावाची गाडी लोकांपुढे ठेवली. १९६८ सालची एक ई-टाइप रोडस्टर, म्हणजे कापडी टप मागे दुमडता येणारी, घेतली. तिचं पेट्रोल इंजिन आणि गिअरबॉक्स काढले, आणि त्या जागी बॅटरी आणि विजेची मोटर बसवली. बाहेरून पाहणाऱ्याला सहसा कळणार नाही. पुढच्या वर्षी, १९ मे २०१८ ला, प्रिन्स हॅरी आणि मेगन मार्कल लग्न लागल्यावर संध्याकाळच्या मेजवानीसाठी विंडसरहून फ्रॉगमोर हाउसला निघाले ते याच गाडीतून. नंबरप्लेटवर लग्नाची तारीख होती. त्या दिवशी ही गाडी जगभरच्या दूरचित्रवाणीवर दिसली, आणि मग वाद सुरू झाला. काहींना ती वारशाचं रक्षण वाटली, काहींना विटंबना.

यात आपला काय संबंध, असं विचाराल तर थोडा आहे. जग्वार २००८ साली टाटा मोटर्सच्या मालकीची झाली. म्हणजे कागदोपत्री हा इंग्रजी वारसा मुंबईच्या फोर्टातल्या बॉम्बे हाउसच्या छपराखाली आलेला आहे. दुसरा संबंध आपल्या मोटार-कायद्याचा आहे, तो शेवटाकडे येईल.

कुठल्याही रूपांतराची समीक्षा करायची तर आधी मूळ कृती नीट पाहावी लागते. ई-टाइप पहिल्यांदा दिसली मार्च १९६१ मध्ये, जिनिव्हाच्या प्रदर्शनात. बघ्यांची आणि चालवून पाहणाऱ्यांची इतकी झुंबड उडाली, की तिथे असलेली गाडी पुरेना. मग कंपनीचा चाचणी-चालक नॉर्मन ड्यूइस यानं दुसरी ई-टाइप कोव्हेंट्रीहून रात्रभर हाकत सकाळी जिनिव्हाला आणली. ती दुसरी गाडी उघड्या टपाची होती. ही गोष्ट मोटारवेडे लोक ज्या भक्तिभावानं सांगतात, तो पाहिला की वारकऱ्यांची आठवण होते.

गाडीचा आकार माल्कम सेयर यांचा. हे गृहस्थ विमानं बनवणाऱ्या ब्रिस्टल कंपनीतून आलेले. गाड्यांचे ‘स्टायलिस्ट’ म्हणवून घेणं त्यांना आवडत नसे. हवा कशी वाहील याचा हिशेब मांडून, आकडेमोड करून ते वक्ररेषा ठरवत. आणि आत होतं ते ‘एक्सके’ इंजिन. दुसऱ्या महायुद्धात कोव्हेंट्रीवर बॉम्ब पडत असताना कारखान्यात रात्रीची आगराखण करावी लागे. त्या पाळ्यांमध्ये विल्यम लायन्स आणि त्यांचे अभियंते हेन्स, हॅसन, बेली या इंजिनाचा विचार करत बसत. १९४८ साली ते प्रथम गाडीत आलं, आणि १९९२ पर्यंत या ना त्या रूपात बनत राहिलं. ल माँची चोवीस तासांची शर्यत जग्वारनं १९५० च्या दशकात पाच वेळा जिंकली ती याच इंजिनावर. ई-टाइपपुढे धावत आलेला हा इतिहास आहे.

आता बॉनेटकडे या. ई-टाइपचं नाक एवढं लांब का? तर सहा सिलिंडर एका ओळीत उभे आहेत, म्हणून इंजिन लांब, म्हणून नाक लांब. बॉनेटच्या मधोमध तो डौलदार उंचवटा का? तर इंजिनाच्या डोक्यावर दोन कॅमशाफ्ट आहेत, त्यामुळे ते उंच झालं, आणि सेयरना तर नाक खाली ठेवायचं होतं. मग जिथे इंजिन वर येतं तेवढाच पत्रा वर उचलला. बॉनेटवरच्या फटी गरम हवा बाहेर जायला. पुढचं अंडाकृती तोंड रेडिएटरला वारा मिळावा म्हणून. मराठी समीक्षेत आपण आशय आणि अभिव्यक्ती यांचं नातं वर्षानुवर्षं घोळवत आलो. इथे ते नाता पत्र्यात ठोकून ठेवलेलं आहे. ज्याला आपण सौंदर्य म्हणतो, त्यातली निम्मी वळणं इंजिनानं पाडलेली आहेत.

हे ध्यानात ठेवून ‘झीरो’ उघडा. एक्सके इंजिनाच्या जागी त्याच मापाची आणि जवळपास त्याच वजनाची लिथियम-आयन बॅटरी आहे, ४० किलोवॉट-तासांची. मागे, जिथे गिअरबॉक्स असायचा तिथे, २२० किलोवॉटची मोटर. तिथून नवा शाफ्ट मागच्या डिफरन्शियलला जातो, आणि डिफरन्शियल जुन्या रचनेतलंच ठेवलेलं आहे. एकूण वजन मूळ गाडीपेक्षा ४६ किलो कमी. शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग साडेपाच सेकंदांत, म्हणजे पहिल्या मालिकेतल्या ई-टाइपपेक्षा सुमारे सेकंदभर आधी. एका चार्जिंगमध्ये २७० किलोमीटर जाईल असं कंपनीनं सांगितलं. सस्पेन्शन आणि ब्रेक बदलावे लागले नाहीत, कारण वजन जिथे होतं तिथेच राहिलं.

या कामाचा मोठा गुण म्हणजे संयम. बॅटरीचे गठ्ठे डिकीत, सीटखाली, जमेल तिथे कोंबता आले असते. पुष्कळ ठिकाणी तसंच करतात. फरशीचा पत्रा कापतात, त्यात पेटी वेल्ड करतात, मग मागचा भार वाढतो, मग स्प्रिंगा बदलतात, आणि गाडी वळणावर वेगळीच वागू लागते. इथे तसं झालेलं नाही. ज्यानं हे केलं त्याला मूळ कृतीचा तोल कळलेला आहे. चांगला रूपांतरकार वाक्य बदलतो तेव्हाही लय सांभाळतो, तसं हे काम आहे.

दुसरा गुण फारसा कोणी सांगत नाही, म्हणून जरा थांबू. ही गाडी उघड्या टपाची आहे, आणि त्यामुळे सगळा हिशेब बदलतो. बंद गाडीत इंजिनाचा आवाज गेला की उरते ती निव्वळ बंद खोली. उघड्या गाडीत आवाज गेला की रस्ता आत येतो. कडेच्या झाडांची सळसळ ऐकू येते, पक्षी ऐकू येतात, शेजारच्याशी ओरडून बोलावं लागत नाही. पेट्रोलचा वासही येत नाही, आणि जुन्या उघड्या गाडीत तो भरपूर येतो. टप उघडायचा तो जगाशी संबंध यावा म्हणून. तो संबंध विजेनं वाढतो, हे मान्य केलंच पाहिजे. जे लोक ‘आवाज नाही तर गाडी कसली’ म्हणतात त्यांनी या बाजूचा विचार केलेला नसतो.

एवढं श्रेय देऊन आता मुख्य प्रश्नाकडे जाऊ. ही ई-टाइप आहे का?

तत्त्वज्ञानाच्या माणसापुढे हा प्रश्न टाकला की तो लगेच थीसियसचं जहाज काढतो. जहाजाच्या फळ्या एकेक करून बदलल्या, शेवटी जुनी एकही राहिली नाही, तर जहाज तेच का? आम्ही आयुष्यभर हे जहाज वर्गात वल्हवलं आहे, पण इथे ते फार दूर नेत नाही. थीसियसच्या जहाजात फळीच्या जागी फळीच येते. इंजिनाच्या जागी इंजिन बसवलं असतं तर तो प्रश्न लागू होता. इथे शिडाच्या जागी वल्ही आली आहेत.

मग नागसेनाकडे या, तिथे निदान वाहन तरी आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात राजा मिलिंदाला भिक्षू नागसेन विचारतो, की तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे नेमकं काय? आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो, आणि अखेर हे अवयव मिळून ‘रथ’ हे व्यवहारापुरतं नाव दिलं जातं, इथवर संवाद येतो. हे मानलं तर आपला वाद सोपा होतो. ई-टाइप हे नाव आहे, लोक त्या वस्तूला ई-टाइप म्हणतात, म्हणून ती ई-टाइप. लग्नाच्या दिवशी लाखो लोकांनी तिला तसंच म्हटलं. पण नागसेनाचं उत्तर भिक्षूला पुरेसं आहे, समीक्षकाला नाही. नावं कशी पडतात हे त्यानं सांगितलं. कुठल्या नावाला वस्तूनं अजून जागायचं आहे, हे त्याला सांगायचं नव्हतं.

तिथे अ‍ॅरिस्टॉटल उपयोगी पडतो. डोळ्याचं सार पाहणं, असं तो म्हणतो. दगडी पुतळ्याचा डोळा किंवा चित्रातला डोळा हा नावापुरता डोळा, कारण त्यानं दिसत नाही. मग विचारा, स्पोर्ट्स कारचं कार्य कोणतं? एका जागेवरून दुसऱ्या जागी जाणं, असं म्हटलं तर झीरो ते उत्तम करते, मूळ गाडीपेक्षा जलद करते. पण त्यासाठी कोणी दोनच माणसं बसणारी, पावसात गळणारी, सामानाला जागा नसलेली गाडी घेत नाही. एसटीनंही माणूस पोचतो. स्पोर्ट्स कारचं कार्य माणसाला हाकायला लावणं हे आहे. ती वाद्यासारखी आहे. सुरुवातीच्या ३.८ लिटरच्या ई-टाइपमध्ये पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हतं. दुसऱ्यावरून पहिल्यावर यायचं तर इंजिनाचा वेग पायानं जुळवून घ्यावा लागे, नाहीतर दातांची करकर सगळ्या रस्त्याला ऐकू जाई. चालकाचा कान, पाय आणि हात एकमेकांशी बोलायला शिकले की मगच गाडी नीट चाले. १९६४ च्या ४.२ लिटरच्या गाडीत नवा, सोपा गिअरबॉक्स आला, तरी कानाचं काम राहिलंच. झीरोमध्ये गिअरची दांडी पुढे-मागे ढकलून शिकण्यासारखं काही नाही. पाय दाबला की सगळी ताकद तात्काळ. वेग आहे, पण तो कमवावा लागत नाही.

गाण्यातली मंडळी इथे असतील तर त्यांना तंबोऱ्याची गोष्ट लगेच पटेल. इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला आणि सगळ्यांची सोय झाली. प्रवासात फुटत नाही, हवेनं उतरत नाही, सूर अचूक. पण मिरजेच्या कारागिरानं बनवलेला तंबोरा लावायला बसणं, तारेखाली दोरा सरकवून नेमकी जागा शोधणं, हा विद्यार्थ्याच्या कानाचा पहिला धडा होता. पेटीचं बटण दाबलं की सूर मिळतो आणि धडा जातो. आता यावरून कोणी इलेक्ट्रॉनिक तंबोरा वाईट ठरवत नाही. तो घरोघरी पोचला हे चांगलंच झालं. फक्त भोपळ्याचा जुना तंबोरा आतून पोखरून, त्यात सर्किट बसवून, ‘हा पाहा, आम्ही तंबोरा वाचवला’ असं कोणी म्हणालं तर आपण काय म्हणू?

वाचवण्याचा मुद्दा निघाला आहे तर पर्यावरणाचा दावाही तपासू, कारण ‘झीरो’ हे नावच त्या दाव्याचं आहे. शून्य धूर. चालताना धूर नाही हे खरं. पण जुनी हौशी गाडी वर्षाकाठी चालते किती? रविवारी, ऊन असलं तर, आणि तेही मालकाचे गुडघे बरे असले तर. तिच्या धुरापेक्षा रोज कामावर जाणाऱ्या साध्या गाडीचा धूर कितीतरी जास्त. आणि ती बॅटरी बनवताना ऊर्जा लागते, खनिजं लागतात. थोडं चालणाऱ्या वाहनावर हा खर्च फिटायला फार वर्षं जातील. शहरात जुन्या गाड्यांना बंदी येईल म्हणून हे करावं लागतं, असंही सांगतात. पण लंडनमध्ये एप्रिल २०१९ पासून जे अतिकमी प्रदूषणाचं क्षेत्र सुरू झालं, त्यात चाळीस वर्षांहून जुन्या, ‘ऐतिहासिक’ म्हणून नोंदलेल्या गाड्यांना आकारातून सूट दिलेली आहे. १९६८ ची पेट्रोल ई-टाइप तिथे चालू शकते. तेव्हा पृथ्वी वाचवण्याचा मुद्दा इथे फार ताणू नये. सोय, शांतता, नव्या पिढीला जुनी गाडी चालवता येणं, ही कारणं खरी आहेत. तेवढी पुरेशी आहेत, त्यांना पुण्याचा टिळा लावायची गरज नाही.

आता आपल्या परंपरेतला शब्द वापरू : रूपांतर. आगरकरांनी १८८३ साली ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ केलं, देवलांनी ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ केलं. पात्रांची नावं बदलली, देश बदलला, भाषा बदलली. शेक्सपिअरची विटंबना झाली म्हणून आपण त्यांना दोष देत नाही. का देत नाही? कारण ‘विकारविलसित’ लिहून झाल्यावर ‘हॅम्लेट’ जसाच्या तसा शिल्लक होता. ज्याला मूळ हवं तो मूळ वाचू शकत होता. साहित्यात रूपांतर मूळ कृतीला खात नाही, म्हणून रूपांतरकाराला मोकळीक असते. आवडलं नाही तर आपण नाक मुरडतो आणि मूळ पुस्तक उघडतो.

मोटारीच्या बाबतीत हे खोटं ठरतं. ई-टाइप चौदा वर्षांत सुमारे ७२,५०० बनल्या. त्यांतल्या कित्येक गंजून, आपटून संपल्या. नव्या मूळ प्रती होणार नाहीत. प्रत्येक झीरो बनवायला एक ई-टाइप लागते. म्हणजे इथला रूपांतरकार आपलं नाटक कोऱ्या कागदावर लिहीत नाही. तो जुन्या पोथीवरची अक्षरं खरवडून त्याच पानावर लिहितो. झीरोवर आमचा आक्षेप आहे तो इथे. गाडी म्हणून ती गोड आहे, मोहक आहे, बसायला मिळालं तर आम्हीही नाही म्हणणार नाही. पण तिची तुलना ‘विकारविलसिता’शी करता येत नाही, कारण तिचा हॅम्लेट तिच्या पोटात गेलेला आहे.

कंपनीला हे कळत होतं. म्हणून तर सगळं जुन्या मापात बसवलं, म्हणजे उद्या कोणाला वाटलं तर बॅटरी काढून इंजिन परत बसवता येईल. ‘परत फिरवता येणारा बदल’ ही कल्पना मोटारवाल्यांनी वास्तुरक्षणातून उचलली आहे. प्राचीन वास्तूंसाठी १९६४ ची व्हेनिसची सनद आहे. तिच्या धर्तीवर फिव्हा या ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं २०१२ साली तुरीनची सनद मंजूर केली. याच फिव्हानं २०१९ मध्ये या प्रकरणावर भूमिका घेतली. इंजिन बदलून विजेवर नेलेलं वाहन आमच्या व्याख्येत ‘ऐतिहासिक’ राहत नाही, आणि तरीही कोणाला करायचंच असेल तर बदल परत फिरवता येण्याजोगे ठेवा, काढलेले मूळ भाग खूण करून जपून ठेवा, असं तिनं सांगितलं. ही भूमिका आम्हाला समंजस वाटते. कोणाला गुन्हेगार ठरवलेलं नाही, आणि नावही फुकट वाटलेलं नाही.

पण ‘परत फिरवता येतं’ या शब्दांवर जरा रेंगाळू या, कारण सगळा भरवसा त्यांच्यावर टाकला जातो. इंजिन काढून लाकडी खोक्यात ठेवलं. छान. इंजिन ही काही सोन्याची मोहर नाही, की पुरून ठेवली आणि नातवानं काढली. न चालणाऱ्या इंजिनाचे रबरी सील वाळतात, सिलिंडरच्या आत गंज धरतो, कार्ब्युरेटरमध्ये जुनं पेट्रोल चिकट होऊन बसतं. आणि समजा ते नीट तेल घालून, अधूनमधून फिरवून सांभाळलं, तरी बसवणार कोण? ई-टाइपला एसयू कंपनीचे तीन कार्ब्युरेटर असत. ते तिन्ही एकमेकांशी जुळवणं हे कानाचं काम आहे. जुने मेकॅनिक तोंडाशी रबरी नळी लावून प्रत्येकाचा श्वास ऐकत आणि स्क्रू पाव-पाव फिरवत. हे पुस्तकात लिहिलेलं आहे, पण पुस्तकावरून येत नाही. ते येतं चालत्या गाड्यांवर हात काळे केल्यानं. जितक्या गाड्या खोक्यात जातील, तितके हे कान कमी होतील. वस्तू परत फिरवता येते, विद्या परत फिरवता येत नाही. चाळीस वर्षांनी कोणी खोका उघडला, तर त्यात एक सुंदर, निरुपयोगी ओतीव लोखंड असेल आणि ते कशासाठी होतं हे सांगणारं माणूस नसेल.

हॉब्जनं थीसियसच्या जहाजात एक खोड काढली होती. काढलेल्या जुन्या फळ्या कोणी गोळा करून त्यांचंच जहाज बांधलं तर खरं कुठलं? जहाजाचं मघाशी आम्ही उगाच नाकारलं नाही, पण हा तुकडा इथे गंमतशीर बसतो. ई-टाइपच्या पट्टीवर गाडीचा, इंजिनाचा, गिअरबॉक्सचा आणि बॉडीचा असे वेगवेगळे क्रमांक ठोकलेले असतात, आणि ते सगळे मूळचेच जुळत असतील तर बाजारात किंमत चढते. म्हणजे खोक्यातल्या इंजिनावर ज्या गाडीचं नाव आहे, ती गाडी बाहेर बॅटरीवर हिंडते आहे. बाजारालाही मनातून ठाऊक आहे, की दोघांची ताटातूट झाली.

सरकारं या प्रश्नाचं काय करतात ते पाहणं मनोरंजक आहे, कारण अधिकाऱ्याला ‘हा प्रश्न खुला आहे’ असं म्हणून उठता येत नाही. ब्रिटनच्या वाहन-नोंदणी खात्यानं कित्येक वर्षं गुणांची पद्धत वापरली. फार बदललेल्या गाडीला जुना नंबर ठेवायचा तर आठ गुण हवेत. मूळ चॅसी किंवा बॉडीला पाच. सस्पेन्शन, आस, ट्रान्समिशन, स्टिअरिंग यांना प्रत्येकी दोन. आणि इंजिनाला? एक. फक्त एक! ही बेरीज झीरोला लावून पाहा. ट्रान्समिशनचे दोन आणि इंजिनाचा एक गेला तरी चौदापैकी अकरा उरतात. अधिकारी म्हणणार, गाडी तीच. सेयरना आनंद झाला असता, आगराखण करत इंजिन रेखाटणाऱ्या हेन्सना मुळीच झाला नसता.

आपल्याकडे उलट. केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी, वीस हजार रुपये शुल्क, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. अट अशी, की वाहन मूळ स्वरूपात असावं, आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार नसावा. इथे तिघांना एका ओळीत बसवलं आहे. म्हणजे झीरोसारखी गाडी मुंबईत आणली, तर ती विजेची गाडी म्हणून जे काही व्हायचं ते होईल, व्हिंटेज म्हणून नाही. आमचा कौल या बाबतीत आपल्या नियमाकडे झुकतो. स्वदेशप्रेम म्हणून नव्हे. बॉनेटवरचा उंचवटा पाहिल्यावर इंजिनाला चौदात एक गुण देणं पटत नाही, म्हणून.

मग करावं तरी काय? सगळ्याच गाड्यांना एक माप लावू नये. एमजीबी ही दुसरी इंग्रजी उघडी गाडी पाहा. १९६२ ते १९८० या काळात ती आणि तिची बंद बहीण मिळून पाच लाखांवर निघाल्या. त्यांतल्या एखाद्या इंजिन गेलेल्या, कोपऱ्यात सडत पडलेल्या सांगाड्यात कोणी मोटर बसवली, तर तिथे काही खरवडलं गेलं नाही. उलट भंगारात जाणारं शरीर रस्त्यावर आलं. ई-टाइपचाही असा सांगाडा असू शकतो, इंजिन केव्हाच दुसरीकडे गेलेला. तिथे विजेचं रूपांतर हे आम्ही चांगलं काम मानू. पण सगळे क्रमांक जुळणारी, चालती, मूळ इंजिनाची गाडी घेऊन तिला झीरो करणं याला आमचा विरोध आहे, मग काम कितीही नेटकं असो. रूपांतराच्या गुणवत्तेआधी ते कशावर केलं हे विचारायला हवं. ज्या वर्कशॉपमध्ये पहिल्याच भेटीत ‘काढलेलं इंजिन कुठे जाणार, त्याला कोण फिरवत राहणार’ हे ग्राहकाला विचारतात, तिथल्या मेकॅनिकवर आम्ही भरवसा ठेवू.

कंपनीनं ऑगस्ट २०१८ मध्ये झीरो विक्रीला काढण्याचं जाहीर केलं, आणि २०१९ च्या अखेरीला तो बेत थांबवल्याची बातमी आली. हे काम इतर लहान कारागीर मात्र करत आहेत आणि करत राहतील, कारण मागणी आहे. त्यामुळे हा प्रश्न काही एका गाडीपुरता संपलेला नाही.

घड्याळ पुढे गेलेलं दिसतं. प्रश्नांसाठी वीस मिनिटं आहेत. तंबोऱ्याच्या उल्लेखानंतर डाव्या बाजूच्या दोन-तीन रांगांत बरीच कुजबुज झाली, तेव्हा सुरुवात तिकडूनच करू.